जकातघरावरचं जहाज

सोमवार, ६ जानेवारी

नोकरी लागली हे अजून खरं वाटत नाही, म्हणून आधी तेच लिहून ठेवते. मार्चअखेरपर्यंत उमेदवारी, पसंत पडले तर कायम. काम असं की बंदराजवळच्या जुन्या साहेबी वस्तीतून पाहुण्यांना पायी फिरवायचं आणि बघण्यासारखं जे जे आहे ते दाखवायचं.

ऑफिस डाकघराच्या मागे, पूर्वी घोडे बांधायचे तिथे आहे. भिंतीतल्या लोखंडी कड्या अजून तशाच आहेत, आणि त्यांना आता पाहुण्यांच्या छत्र्या लटकतात. ऑफिस चालवणाऱ्या बाईंना सगळे मॅडम म्हणतात. त्यांनी मला दोनच गोष्टी सांगितल्या. उशिरा यायचं नाही आणि चुकीचं काही सांगायचं नाही. एका जरी पाहुण्यानं वर तक्रार केली तर लायसनवर येतं. मी म्हटलं, मी कधीच चुकीचं सांगत नाही. घरी येताना आठवलं की अर्जात मी ‘चालण्याची आवड’ असं लिहिलंय. चालणं मला आवडतं की नाही याचा मी कधी विचारच केलेला नाही. हे मॅडमना सांगावं का?

मला शिकवणार आहेत मास्तर. इथला प्रत्येक गाइड त्यांच्या हाताखालून गेलेला, म्हणून मास्तर. उंच, हडकुळे, पांढरा शर्ट, डोक्यावर रुंद काठाची टोपी. त्यांनी विचारलं, काय शिकलीस? मी म्हटलं, इतिहासात पदवी.

“अरे वा. पदवीधर,” ते म्हणाले. “म्हणजे बरंच विसरावं लागेल.”

तेव्हापासून माझं नाव पदवीधर.

पहिला धडा आजच दिला. गाइडनं इमारतीकडे बघायचं नाही. इमारत त्यानं पाहिलेली असते. इमारतीला पाठ करून उभं राहायचं आणि पाहुण्यांचे चेहरे बघायचे. मान वर करून स्वतःच बघत बसलेला गाइड म्हणजे पंगतीत आपल्याच ताटाकडे बघणारा यजमान. इतका साधा नियम, पण कुठल्या पुस्तकात सापडला नसता.

बाबा शाळेत शिपाई आहेत. जन्मभर शाळेची घंटा वाजवली, वर्गात बसले नाहीत कधी. मला नोकरी लागली हे त्यांनी संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं. आई इस्त्री करत होती. ती एवढंच म्हणाली की आपण जन्मभर फिरलो, तेव्हा ती नोकरी आहे हे कुणी सांगितलं नाही.


गुरुवार, ९ जानेवारी

आज पहिल्यांदा पूर्ण फेरी झाली. मी लाल छत्री धरून शेवटी चालत होते. या शहरात मी जन्मले, आणि आज ते पहिल्यांदा पाहिलं असं वाटलं.

सुरुवात धक्क्याच्या पायऱ्यांवर. मास्तर तिथे पाहुण्यांना आधी दहा मिनिटं नुसतं बसवतात. साहेब इथेच उतरले, मग तुम्हीही समुद्राकडून आल्यासारखे या, घाई कशाला, असं त्यांचं म्हणणं. पायऱ्यांच्या कडा दोरांनी घासून घासून गुळगुळीत झाल्या आहेत. मग त्यांनी खाली वाकून एका दगडावर हात ठेवला. दगडावर कंगवा कोरलेला होता. शेजारी मासा, पलीकडे पान. दगड घडवणाऱ्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून प्रत्येकाची आपली खूण. गव्हर्नरचं नाव वरच्या कमानीवर आहे, पण धक्का बांधला कंगव्यानं आणि माशानं, असं ते म्हणाले. मला माझे आजे-पणजे आठवले. त्यांची खूण काय असती कोण जाणे. मास्तरांचा हात त्या कंगव्यावर न बघता बरोबर पडतो, इतकी वर्षं झाली त्यांना.

तिथून जकातघर. पांढरे खांब, मध्ये मनोरा, आणि मनोऱ्याच्या टोकावर वाऱ्याबरोबर फिरणारं पितळी जहाज. मास्तर त्याला पाठ करून उभे राहिले, गालावर वारा घेतला आणि म्हणाले, “आता वर बघा. जहाजाचं नाक आज समुद्राकडे आहे. वारा जिकडून येतो तिकडे ते तोंड करतं. आपल्यासारखं पाठ फिरवत नाही.”

पाहुण्यांनी वर पाहिलं. नाक समुद्राकडेच होतं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

डाकघरात पत्रं टाकायच्या पितळी फटी आहेत, प्रत्येक खंडासाठी वेगळी, आणि ‘स्थानिक’ म्हणून एक, सगळ्यांत झिजलेली. मग मंडई. तिचं लोखंडी छप्पर सुट्या भागांनी बोटीतून आलं आणि इथे जोडलं. खाली उभं राहिलं की उन्हाच्या चौकटी फळांवर पडलेल्या दिसतात. शेवटी बाग, दुतर्फा उंच झाडांचा रस्ता, त्याच्या टोकाला घड्याळाचा मनोरा. घड्याळ थोडं मागे आहे. मास्तर म्हणतात, ते साहेबाच्या वेळेवर चालतं.


शनिवार, ११ जानेवारी

एक शंका आहे. जुन्या नाट्यगृहासमोर एक सज्जा आहे. मास्तर सांगतात की तिथे उभी राहून एका कप्तानाची बायको बारा वर्षं त्याच्या बोटीची वाट बघत होती. मी जाऊन कागदपत्रं पाहिली. तो सज्जा त्या कप्तानाच्या काळानंतर बांधला आणि तिथे विमा कंपनीचं ऑफिस होतं. बोटीची वाट बघत असतील तर कारकून.

मी मास्तरांना एकटं गाठून सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, मी सांगताना शेवटी काय म्हणतो ते ऐक. ते ‘असं म्हणतात’ असं म्हणतात. मी विचारलं, कोण म्हणतं? ते म्हणाले, मी म्हणतो की.

पण आजच्या दुसऱ्या फेरीत त्यांनी विमा कंपनीचे कारकूनही सज्ज्यात उभे केले, आणि पाहुणे कप्तानाच्या बायकोपेक्षा कारकुनांवर जास्त हसले.


मंगळवार, १४ जानेवारी

पाहुण्यांकडे तोंड करून मागे मागे चालायचा सराव केला. इस्त्रीच्या टेबलावर आपटले. आई म्हणाली, शिकून माणूस पुढे जातो असं ऐकलं होतं.


सोमवार, २० जानेवारी

मास्तरांची परीक्षा फार कडक आहे. रोज फेरीआधी ते मला बागेतल्या बाकावर बसवतात आणि म्हणतात, सांग, काय दिसतं. मी सांगते, घड्याळाचा मनोरा. ते म्हणतात, हे मला शेंबडं पोरही सांगेल. कुठला दगड ओला आहे? तबकडीवर ऊन आलंय का? काल होतं त्यापेक्षा आज काय वेगळं? ते टोपी पुढे ओढून बसतात आणि ऐकतात. मी गडबडले, अंदाजानं काही सांगितलं की त्यांना लगेच कळतं. “दिसतं ते सांग,” म्हणतात. “छान आहे, भव्य आहे, हे नको. ते पाहुणे ठरवतील.”

मग तसंच जकातघराचं, डाकघराचं. आज पाटी कुठल्या रंगाची आहे, पायरीवर कोण बसलंय, कुठलं दार उघडं आहे. रस्ता खणलाय का हे तर रोज विचारतात.

मला वाटतं, मी नापास होणार. पण एक कबूल करायला हवं. या परीक्षेमुळे मी जे बघते आहे ते आधी कधी बघितलं नव्हतं. डाकघराच्या पन्हळीत नेचा उगवलाय. त्याची सावली दुपारी भिंतीवर पडते आणि वारा आला की भिंतच हलते असं वाटतं.


शुक्रवार, २४ जानेवारी

आज वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचीही लाज वाटली. मास्तरांनी पाहुण्यांना नेचा दाखवला. सावली, हलणारी भिंत, सगळं, माझ्याच शब्दांत. पाहुण्यांनी ‘वा’ म्हटलं. मास्तरांनी माझं नाव घेतलं नाही.

नेचा माझा नाही, तो पन्हळीचा आहे, हे मला कळतं. तरी.


रविवार, २ फेब्रुवारी

घरच्यांना एकदा फेरी फुकट असते. शाळेत कुठलीशी परीक्षा होती म्हणून रविवार असूनही बाबांना सुट्टी मिळाली नाही, आई एकटीच आली. नवे बूट घालून आली आणि धक्क्यापर्यंत पोहोचेपर्यंत ते लागायला लागले.

मला माहीत नव्हतं की आईला ही सगळी वस्ती पाठ आहे, पण मागच्या दारांनी. लग्नाआधी ती या घरांमध्ये इस्त्रीचे कपडे पोचवायची. जकातघराचं मागचं दार कुठल्या गल्लीत उघडतं, क्लबच्या कुठल्या खिडकीतून गाठोडं आत घ्यायचे, तिला सगळं ठाऊक. पुढच्या दारानं ती आज पहिल्यांदा आत गेली. जकातघराच्या दालनात घुमटाखाली उभी राहून ती वर बघत राहिली. म्हणाली, “एवढं होय आत. आणि मला वाटायचं, सगळीकडे कोठारंच आहेत.” मास्तर हसले आणि म्हणाले, घुमट सगळ्यांचाच आहे, बघून घ्या. तिच्यासाठी ते मुद्दाम जास्त वेळ थांबले.

पण नंतर आईनं मला अगदी खजील केलं. दालनातून बाहेर पडताना उतरत्या पायऱ्या आहेत. आईनं सरळ मास्तरांपुढे हात केला आणि म्हणाली, “मास्तर, मला पायऱ्यांची भीती वाटते हो. जरा धरा मला.” आई पायऱ्यांना भीत नाही. आई डगमगत्या शिडीवर चढून छपराची कौलं सारखी करते. तरी सगळी फेरीभर, जिथे पायरी आली तिथे तिनं त्यांचा हात धरला. मास्तर तर उलट खूश दिसले.

घरी आल्यावर मी विचारलं, असं का केलंस? ती म्हणाली, बूट लागत होते. मग इस्त्री करता करता म्हणाली, माणूस भला आहे, त्याला त्रास देऊ नकोस. मी कधी त्रास दिला?


बुधवार, १२ फेब्रुवारी

तापानं घरीच पडून होते, म्हणून लिहिलं नाही. उद्या कामावर.


गुरुवार, १३ फेब्रुवारी

फार वाईट दिवस.

उठायला उशीर झाला, म्हणून बागेत न जाता थेट धक्क्यावर गेले. पाहुणे जमले होते. मास्तर मला बघून, म्हणजे माझा आवाज ऐकून, खूश झाले. माझ्या जागी दुसरं कुणी मिळालं नव्हतं, म्हणून फेऱ्या बंद होत्या. आज पहिलीच.

जकातघरापाशी आलो. मास्तर मनोऱ्याला पाठ करून उभे राहिले, गालावर वारा घेतला आणि म्हणाले, वर बघा, जहाजाचं नाक आज गावाकडे आहे. मी नियमाप्रमाणे पाहुण्यांचे चेहरे बघत होते. एका बाईनं वर पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. कॅमेरावाल्या एका गृहस्थांनी कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला आणि विचारलं, कुठे आहे?

“टोकावर. सावकाश बघा, सगळ्यांना लगेच सापडत नाही,” मास्तर म्हणाले.

“अहो, तिथे प्लास्टिक गुंडाळलंय.”

तेव्हा मी वर पाहिलं. मनोऱ्याभोवती परांची बांधली होती, टोकावर निळं प्लास्टिक. जहाज नव्हतंच. मास्तर हसून म्हणाले की दुरुस्तीला गेलं असेल, बरं झालं, म्हातारं झालं होतं. बाकीचे हसले, कॅमेरावाले हसले नाहीत. फेरी संपल्यावर ते ऑफिसात गेले आणि मॅडमना म्हणाले, तुमचा गाइड नसलेल्या वस्तू दाखवतो.

मला मास्तरांचा राग आला आहे. मी आजारी होते. ते तर रोज त्या रस्त्यानं येतात. एकदा मान वर करायला काय झालं होतं? संध्याकाळी तेच मला म्हणाले, “तू आधी का नाही पाहिलंस?” मी छत्री कडीला लटकवली आणि घरी आले.


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

मॅडमनी बोलावलं आणि दार लावून घेतलं. विचारलं, हल्ली मास्तरांचं कामात लक्ष नाही का? सरळ सांग.

काल मी रागावले होते तरी मनात आलं की खरं तेच सांगायचं, राग नाही सांगायचा. मी म्हटलं, आम्हा दोघांपैकी कुणीच वर पाहिलं नव्हतं, तसा नियमच आहे. आणि लक्ष म्हणाल तर त्यांच्याइतकं लक्ष कुणाचंच नसेल. मग मी सगळं सांगितलं. ते रोज मला बाकावर बसवून कसं विचारतात, पाटीचा रंग, कोण कुठे बसलंय, कुठलं दार उघडं आहे, रस्ता खणलाय का. पाट्यासुद्धा माझ्याकडून वाचून घेतात, म्हणजे माझा उच्चार सुधारावा. बोलताना मला त्यांचा पुन्हा अभिमान वाटू लागला.

मॅडमनी चष्मा काढला. “रोज विचारतात?”

मी म्हटलं, रोज. एक दिवस चुकवत नाहीत.

त्यांनी टेबलावरचं फेऱ्यांचं वेळापत्रक पुढे ओढलं. मग म्हणाल्या की पंचवीस तारखेच्या फेरीला त्या स्वतः येतील, आणि मी मध्ये बोलायचं नाही, मास्तरांना आठवण करून द्यायची नाही. मास्तरांना जमत नाही असं वाटलं तर मार्चपासून फेरी माझ्याकडे येईल, तयार राहा.

फेरी माझ्याकडे. बाहेर आल्यावर मला आनंद झाला. हे लिहायलाच हवं, कारण तो खरोखर झाला. डाकघराच्या कोपऱ्यापर्यंत टिकला. मग कळलं की मास्तर कामावरून गेले तरच ती फेरी माझी.


मंगळवार, १८ फेब्रुवारी

आज जे घडलं ते फक्त जसं घडलं तसं लिहिते.

मी अजून थोडी घुश्श्यात होते. बागेत मास्तर बाकावर बसले आणि म्हणाले, सांग पदवीधर, काय दिसतं. मी बाकावरून उठले आणि त्यांच्या समोर उभी राहिले, विचारावं म्हणून, की तुम्ही स्वतः का बघत नाही एकदा. पण तोंडातून शब्द निघेना. मी नुसती उभी. हात लांब केला असता तर त्यांच्या टोपीला लागला असता. त्यांनी तोंड वर केलं होतं, ऊन त्यांच्या चेहऱ्यावर होतं. डोळे उघडे होते.

ते माझ्याकडेच बघत म्हणाले, “गेलीस का?”

मी म्हटलं, नाही. इथेच आहे.

मग मी बाकावर परत बसले आणि काय दिसतं ते सांगायला लागले. तबकडीवर ऊन आलंय. उजवीकडचा दगड ओला आहे. झाडाखाली एक माळी पाइप गुंडाळतोय. त्यांनी एकदाही टोकलं नाही.


बुधवार, १९ फेब्रुवारी

आईला सांगितलं. ती म्हणाली, “मग? तुला आत्ता कळलं?”

तिला पहिल्या पायरीलाच कळलं होतं. तिनं हात पुढे केला तो त्यांनी बघून धरला नाही, लागला तेव्हा धरला. मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, कारण लहानपणी खेळात तू आउट झालीस की दुसऱ्या कुणी बघायच्या आत तूच ओरडून सांगायचीस. तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन सांगून आली असतीस.

तिला ठाऊक नाही की मी ते आधीच करून आले आहे. न कळता, कौतुकानं, दार लावून.


गुरुवार, २० फेब्रुवारी

मास्तरांना सगळं सांगितलं. मॅडमना मी काय काय बोलले, त्या स्वतः येणार आहेत, फेरी मला देणार म्हणाल्या, काहीच मागे ठेवलं नाही.

“पाटीचा रंगही सांगितलास?”

मी हो म्हटलं.

“रस्त्याचं?”

तेही.

ते हसले. “पदवीधर, माझं इतकं कौतुक आजवर कुणी केलं नाही. आणि इतकं महागही पडलं नाही.”

मग त्यांनी सांगितलं. आधी मधलं दिसणं गेलं. माणसाकडे सरळ पाहिलं की तोंडाच्या जागी धूर, कडेनं थोडं दिसायचं. आता कडेलाही नुसता उजेड आणि सावली. डॉक्टर म्हणतात, परत येणार नाही. तोवर नियम उपयोगी पडला. इमारतीकडे बघायचं नाही हा त्यांचा फार जुना नियम, डोळे धड होते तेव्हाचा. तो पुढे असा कामी येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. मध्यंतरी दोन उमेदवार आले, दोघंही काय दिसतं विचारलं की ‘छान दिसतं’ म्हणायचे. “त्यात काय चालणार मी? तू आलीस आणि म्हणालीस, तिसऱ्या खिडकीची काच फुटली आहे. त्या दिवसापासून मला ही वस्ती परत दिसायला लागली.”

मार्चअखेर मला कायम केलं की ते स्वतःहून सोडणार होते. उमेदवाराला पसंत करायची सही त्यांची लागते, आधी गेले तर माझं काम अडेल म्हणून थांबले होते. मग म्हणाले, “हे खरं आहे. पण पूर्ण खरं नाही. मला सोडवत नव्हतं.”

मला रडू आलं. त्यांना ते ऐकू गेलं असणार. एकदम कोरड्या आवाजात त्यांनी विचारलं, मॅडमनी पुन्हा विचारलं तर काय सांगशील?

मी खूप विचार केला. मग म्हटलं, खरं सांगेन.

“मग झालं,” ते म्हणाले आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. छत्रीसुद्धा माझ्या हातात दिली नाही, भिंतीला टेकवून ठेवली.


शनिवार, २२ फेब्रुवारी

आजही बोलले नाहीत. पण बाकावर बसले, आणि मी न विचारता सांगत गेले.

खोटं बोलणं मला जमणार नाही. खरं बोलणंही जमेल असं वाटत नाही. जेवण जात नाही. बाबा म्हणाले, आमच्या बाईसाहेबांना नोकरी मानवत नाही वाटतं. आईनं त्यांना डोळ्यांनी गप्प केलं.


मंगळवार, २५ फेब्रुवारी

सकाळी मॅडम पाहुण्यांमध्येच उभ्या होत्या, इतरांसारखी टोपी घालून. मला त्यांनी बोटानं खूण केली, गप्प. मी मास्तरांना काही सांगितलं नाही. त्यांना ठाऊकच होतं.

धक्क्यावर त्यांनी जे केलं तसं मी याआधी पाहिलं नव्हतं. दोरांचे, बोटींचे, कंगव्याच्या आणि माशाच्या छिन्नीचे सगळे आवाज त्यांनी पाहुण्यांसमोर आणून उभे केले. एकही चूक नाही. मी मॅडमकडे बघत होते. त्या पायऱ्यांकडे बघत नव्हत्या, मास्तरांकडे बघत होत्या.

मग जकातघर. परांची अजून होती, निळं प्लास्टिक फडफडत होतं. मास्तर पाठ करून उभे राहिले. गालावर वारा घेतला. मला वाटलं आता ते बोलतील. त्यांनी टोपी काढली.

“इथून पुढे या बाई दाखवतील,” ते म्हणाले. “मला दिसत नाही.”

इतक्या साध्या आवाजात की पाहुण्यांना वाटलं ऊन डोळ्यांवर येतंय. मग त्यांनी लाल छत्री आवाजाच्या अंदाजानं माझ्याकडे धरली आणि ते चालत येऊन पाहुण्यांच्या रांगेत, मॅडमच्या शेजारी, उभे राहिले. म्हणाले, मी आता पाहुणा.

मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी जकातघराला पाठ केली आणि चेहरे बघितले. सगळे वर बघत होते, मास्तरही. त्यांचंच तोंड सगळ्यांत वर होतं. मी म्हटलं, वर बघा, तिथे जहाज नाही. दोन आठवड्यांपूर्वी काढलंय, दुरुस्तीला. ते पितळी आहे, शिडं फुगलेली आहेत, डाव्या बाजूला ठोकल्याची खूण आहे, वारा जिकडून येतो तिकडे ते तोंड करतं, आणि आता वारा गावाकडून येतोय म्हणून ते असतं तर त्याचं नाक गावाकडे असतं. मला वाटतं, मी फार लांबण लावलं. पण एक आजोबा नसलेल्या जहाजाचा फोटो काढत होते.

डाकघरात मी नेचा दाखवला. म्हटलं, याची गोष्ट मास्तरांकडून ऐका, मला तशी सांगता येत नाही. मास्तरांनी सांगितली, आणि शेवटी म्हणाले, हा नेचा माझा नाही, या पोरीनं शोधलेला आहे.

फेरी संपल्यावर मॅडम ऑफिसच्या पायरीवरच बसल्या. त्यांचे डोळे लाल होते. त्यांनी मास्तरांना विचारलं, “मूर्ख माणसा, मला का नाही सांगितलंस?” त्या त्यांना अरे-तुरे करतात हे मला आज कळलं. दोघांनी बरोबर सुरुवात केली होती म्हणे. मास्तर म्हणाले, तू रडली असतीस.

“मीच मूर्ख,” मॅडम म्हणाल्या. “गेल्या वर्षी मी केस लाल केले. अख्खं बंदर हसलं. आणि हा गृहस्थ एक अक्षर बोलला नाही. तेव्हाच कळायला हवं होतं.”

“लाल?” मास्तर म्हणाले. “अरे देवा.”

मग त्यांना जे हसू सुटलं ते थांबेना, आणि मॅडमनाही, आणि मी बाजूला छत्री धरून उभी, हसावं की नाही ते न कळून.


शनिवार, १ मार्च

ठरलं. फेरी माझ्याकडे. लायसन लागेल तोवर मॅडम बरोबर येतील. मास्तर लोकांना घेऊन फिरणार नाहीत, पण सकाळी नव्या उमेदवारांना बाकावर बसवणार आहेत. माझ्या कागदावर त्यांनी सही केली. मी त्यांचं बोट ओळीवर ठेवलं. सही जरा वर गेली. मॅडम म्हणाल्या, आधीही तशीच जायची.

मला आनंद झाला आणि या वेळी तो घरापर्यंत टिकला. बाबांना सांगितलं तर ते शाळेत जायला निघाले होते, परत आत येऊन बसले.


बुधवार, २६ मार्च

आज जहाज परत आलं. काल संध्याकाळी परांची सोडली म्हणे. सकाळी फेरी नव्हती, म्हणून मास्तरांना घेऊन मुद्दाम गेले. आता ते पायरी आली की माझा हात धरतात, आणि मला पायऱ्यांची भीती वाटते असं काही मला म्हणावं लागत नाही.

जहाज घासूनपुसून इतकं लखलखीत झालंय की बघवत नाही. मी सगळं सांगितलं. शिडांवर ऊन आहे, डाव्या बाजूची खूण त्यांनी तशीच ठेवली आहे, खाली कबुतरं रांगेत बसून बघताहेत. मास्तर ऐकत होते. मग त्यांनी गालावर वारा घेतला आणि म्हणाले, “नाक समुद्राकडे.”

मी वर पाहिलं. नाक गावाकडे होतं. वारा समुद्राकडूनच येत होता, मलाही कळत होता, पण जहाज हलत नव्हतं. नवं वंगण घट्ट असेल, किंवा बसवताना स्क्रू जास्त आवळला असेल.

क्षणभर वाटलं, हो म्हणावं. कुणाचं काय जातंय. ते इतके खूश दिसत होते.

“नाही मास्तर,” मी म्हटलं. “गावाकडे आहे.”

त्यांनी पुन्हा गाल वळवला, दोन्ही बाजूंनी वारा घेऊन पाहिला, आणि टोपी नीट केली.

“मग जहाज चुकतंय,” ते म्हणाले. “थांबूया जरा.”

आम्ही जकातघराच्या पायरीवर बसलो. ऊन चढलं, वारा वाढला. मास्तर काही विचारत नव्हते. मी मान वर करून, सगळे नियम मोडून, त्या जहाजाकडे बघत राहिले. आधी ते नुसतं थरथरलं. मग फार सावकाश, अडत अडत, वळलं.

मी त्यांना सांगितलं.